किशोरवयातली चिंता, स्वभाव आणि घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या पालकसभांनंतर दाराशी थांबून, व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री उशिरा, आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून प्रबंधाच्या दिवसांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी हा विषय शिकवते आणि पालकांशी बोलते. संशोधन काय सांगतं ते आधी दिलं आहे. माझं मत आहे तिथे ते माझं म्हणूनच लिहिलं आहे. हवा तो प्रश्न सुटा वाचला तरी चालेल.

१. दहावीच्या वयात टेन्शन सगळ्यांनाच असतं. मग काळजी करण्यासारखं कधी समजायचं?

टेन्शन किती आहे यापेक्षा त्यापायी काय काय बंद पडलंय ते बघा. तोंडी परीक्षेआधी पोटात गोळा येतो, नव्या कॉलेजात पहिले काही दिवस झोप लागत नाही. हे सगळं त्या प्रसंगाबरोबर ओसरतं. पण मुलगा आधी सहलीला नाही म्हणतो, मग गॅदरिंगला, मग क्लासला, आणि महिनोन्‌महिने हेच चालतं, तेव्हा ते निव्वळ टेन्शन राहिलेलं नसतं. डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या डीएसएम-५ या पुस्तकात सततच्या चिंतेच्या आणि चारचौघांच्या भीतीच्या विकारासाठी साधारण ६ महिन्यांची मुदत धरली आहे. मदत मागायला मात्र तेवढं थांबायचं कारण नाही.

या वयात चिंता पुष्कळदा शरीरावाटे बाहेर पडते. सोमवारी सकाळी पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. म्हणून त्याला नाटक म्हणू नका, दुखणं खरंच असतं. नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून विषय तिथेच मिटवून टाकू नका.

२. किती मुलांना असा त्रास असतो? पुण्याचा आकडा काय?

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. चिंताविकारांचं प्रमाण ३.६ टक्के होतं. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे या सर्वेक्षणाच्या नावावर पुण्याची टक्केवारी खपवणारा फॉरवर्ड आला तर तो पुढे ढकलू नका.

एखाद्या शाळेत ‘४० टक्के मुलं चिंताग्रस्त’ अशी बातमी येते, तेव्हा तो आकडा बहुधा प्रश्नावलीचा असतो. प्रश्नावलीत गुण जास्त पडणं म्हणजे पुढे चौकशी करायला हवी, एवढंच. निदान हे तज्ज्ञाने समोर बसून बोलल्यावर होतं. हे दोन आकडे एकाच तराजूत घालता येत नाहीत.

३. आमची मुलगी लहानपणापासूनच चिंताळू आहे. हा स्वभाव की आजार?

मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पीलबर्गर यांनी १९७० च्या सुमारास चिंतेचे दोन भाग वेगळे मोजायला सुरुवात केली. एक, आत्ता या क्षणी वाटणारी चिंता. दुसरी, एरवीही कुठल्याही गोष्टीत धोका दिसण्याची सवय. ही दुसरी स्वभावाजवळची. व्यक्तिमत्त्वाच्या पाच प्रमुख गुणांपैकी न्यूरॉटिसिझम म्हणजे भावना पटकन ढवळून निघण्याचा कल, आणि चिंतेशी सगळ्यांत घट्ट नातं त्याचंच सापडतं.

तरी कल म्हणजे विकार नव्हे. जेरोम कॅगन यांनी अगदी तान्ह्या बाळांपासून अभ्यास केला. नवं खेळणं, नवा आवाज आला की काही बाळं हातपाय ताणून रडतात, आणि त्यातली बरीच पुढे बुजरी होतात. अशा मुलांना पुढे लोकांची भीती बसण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. पण त्यांच्यातल्याही निम्म्याहून अधिक मुलांना विकार होत नाही. कोणाला होतो आणि कोणाला नाही, यात घराचा वाटा येतो. तो प्रश्न ४ आणि ६ मध्ये पाहा.

४. स्पष्ट सांगा. हे आमच्यामुळे झालं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि तो विचारणारी बहुतेक वेळा आई असते.

२००७ मध्ये मॅक्लाउड, वुड आणि वाइझ यांनी ४७ अभ्यास एकत्र करून तपासले. मुलामुलांच्या चिंतेत जो फरक दिसतो, त्यातला फक्त ४ टक्के भाग पालकांच्या वागण्याशी जोडता आला. अनुवंशाचा वाटा जुळ्यांच्या अभ्यासांमधून साधारण ३० ते ४० टक्के निघतो. बाकी शाळा, मित्र, आजारपणं, अनुभव आणि योगायोग. आईने असं केलं म्हणून मुलगा असा झाला, हे सरळ सूत्र या आकड्यांत बसत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची वाटते. २००९ मध्ये जेनिफर हडसन आणि सहकाऱ्यांनी आयांना स्वतःच्या नव्हे, तर दुसऱ्यांच्या मुलांबरोबर एक काम करायला बसवलं. मूल चिंतेचा त्रास असलेलं असेल तर कुठलीही आई जास्त मदत करू लागली, जास्त लुडबुड करू लागली. म्हणजे मुलाची चिंताही आईबापांना तसं वागायला लावते. आपण घरात शिरून जे वागणं बघतो, ते कारण आहे की परिणाम, हे एका भेटीत ठरत नाही. नातेवाइकांनी तर ते ठरवूच नये.

मग ४ टक्क्यांसाठी एवढा आटापिटा कशाला? कारण अनुवंश बदलता येत नाही, वागणं बदलता येतं. शिवाय चिंता कशाने सुरू झाली आणि ती कशाने टिकून राहते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. घराची खरी ताकद दुसऱ्या प्रश्नात आहे.

५. मला स्वतःला खूप चिंता असते. ती मुलात उतरेल का?

उतरू शकते, पण निव्वळ रक्तातून नाही. २०१५ मध्ये थालिया एली आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमधली जुळी भावंडं आणि त्यांची किशोरवयीन मुलं यांचा अभ्यास केला. एकसारख्या जुळ्यांची मुलं जनुकांच्या हिशेबाने आपल्या मावशी-काकांशीही आईवडिलांइतकीच जवळची असतात. तरी चिंतेचं साम्य दिसलं ते ज्यांच्याबरोबर मूल राहतं त्या आईवडिलांशी. बघून शिकणं, ऐकून शिकणं, असा त्याचा अर्थ लावला गेला.

मी याला चांगली बातमी मानते. क्लास सुटून दहा मिनिटं झाली आणि मूल आलं नाही, तर धडधड होणारच. पण त्या दहा मिनिटांत चार फोन करायचे की नाही, हे आपल्या हातात आहे. स्वतःसाठी मदत घेणारे आईबाप मुलालाही काहीतरी शिकवत असतात.

६. तिला त्रास होऊ नये म्हणून आम्ही सांभाळून घेतो. यात चूक काय?

शनिवारची संध्याकाळ, कर्वे रोडवरचं एखादं उडुपी हॉटेल. वेटर चौदा वर्षांच्या मुलीकडे वळतो. ती मेनूकार्डात डोकं घालते, आणि वडील लगेच म्हणतात, “तिला एक मसाला डोसा.” दोन सेकंदांत प्रसंग मिटतो. मुलीला हायसं वाटतं, वडिलांनाही. पुढच्या शनिवारी ती मेनूकार्ड उघडतही नाही.

वडिलांनी हे मायेपोटीच केलं. तरी मुलीच्या मनात दोन गोष्टी पक्क्या झाल्या : वेटरशी बोलणं खरंच भयंकर असतं, आणि ते मला जमणार नाही, असं बाबांनाही वाटतं. वर्गात वाचायला सांगू नका म्हणून बाईंना चिठ्ठी देणं, मुलाने तोच प्रश्न दहाव्यांदा विचारल्यावर “काही नाही होणार” असं दहाव्यांदा सांगणं, रात्री आई शेजारी झोपल्याशिवाय न झोपणं, हे सगळं याच जातीचं.

येल विद्यापीठातले इलाय लेबोविट्झ यांनी यावर ‘स्पेस’ नावाची पद्धत बसवली. २०२० मध्ये त्यांनी चिंताविकार असलेली ७ ते १४ वयाची १२४ मुलं घेतली. काही मुलांवर थेट उपचार केले. बाकीच्यांच्या फक्त पालकांना शिकवलं, मुलांना भेटलेच नाहीत. सुधारणा दोन्ही गटांत सारखीच झाली.

पद्धतीचा गाभा सांगायला सोपा आहे, करायला अवघड. आधी मुलीचा त्रास मान्य करायचा आणि त्याच वाक्यात विश्वास दाखवायचा : “तुला धडधडतंय हे दिसतंय मला, आणि तुला हे झेपेल असंही वाटतं.” मग आपली एक सवय निवडायची आणि ती बदलणार हे आधीच, शांतपणे, घरी सांगायचं. लक्षात घ्या, बदल आपल्या वागण्यात करायचा आहे. “तू बोललंच पाहिजेस” ही तिच्यावर सक्ती झाली. “यापुढे तुझी ऑर्डर मी देणार नाही” हा आपला निर्णय झाला. ती बोलेल, खुणेने दाखवेल किंवा त्या दिवशी नुसतं पाणी पिईल. हॉटेलात वाद घालायचा नाही.

हे कुठे लागू करायचं नाही, ते प्रश्न १४ मध्ये.

७. म्हणजे कडक व्हायचं का? आम्ही मार खाऊनच शिकलो.

नाही. डायना बाउमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या वागण्याचे जे प्रकार मांडले, त्यांत सर्वांत बरे परिणाम दिसले ते माया आणि नियम दोन्ही असलेल्या घरांत. हुकूमशाही आणि मोकाट सोडणं, दोन्ही मागे पडले.

आपल्याकडे त्याहून उपयोगी वाटतो तो ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये नीट मांडलेला भेद. वागण्यावर नियंत्रण वेगळं आणि मनावर नियंत्रण वेगळं. रात्री ९ च्या आत घरी ये, फोन हॉलमध्ये चार्जिंगला लाव, हे वागण्यावरचं. “तुझ्यासाठी मी नोकरी सोडली आणि तू हे दिवे लावलेस”, हे मनावरचं. तीन दिवस धरलेला अबोला हाही मनावरचाच. हात न उगारणाऱ्या, सुशिक्षित घरांत अबोला सर्रास चालतो आणि त्याला शिक्षा मानलं जात नाही. चिंता आणि नैराश्याशी या दुसऱ्या प्रकाराचा संबंध पुन्हा पुन्हा सापडतो. माझ्या मते पुण्यातल्या पालकांनी या एका गोष्टीकडे आधी बघावं.

८. मुलगा फार बोलत नाही, एकटाच असतो. त्याला सोशल अँग्झायटी आहे का?

त्याला विचारा : जायला आवडलं असतं, पण भीती वाटते, की मुळात जायचंच नाहीये? एकांत आवडणाऱ्या मुलाचे एक-दोन पक्के मित्र असतात आणि गरज पडली की तो बोलतो. घाबरणाऱ्या मुलाला माणसं हवी असतात. लोक काय म्हणतील या धास्तीने तो दूर राहतो आणि नंतर झाल्या प्रसंगाचा मनात कीस पाडत बसतो. पहिल्याला लग्नसमारंभात ढकलून ‘सुधरवायची’ गरज नाही.

९. हा स्वभाव आयुष्यभर असाच राहतो का?

नाही. रॉबर्ट्स आणि डेलवेक्चिओ यांनी २००० मध्ये दाखवलं की इतरांच्या तुलनेत आपला स्वभाव किती टिकून राहतो, हे वयाबरोबर वाढत जातं. किशोरवयात तो बराच हलतो. मुलींमध्ये या वयात भावनिक अस्थिरता काही काळ वाढलेली दिसते. उपचारांनीही स्वभाव सरकतो : २०१७ मध्ये रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०७ अभ्यास एकत्र पाहिले. सर्वांत जास्त बदल न्यूरॉटिसिझममध्ये होता आणि चिंतेवर उपचार घेणाऱ्यांमध्ये तो ठळक होता. त्यातले बहुतेक लोक मोठे होते, तरी दिशा स्पष्ट आहे. म्हणून ‘आमचा हा भित्राच’ हे वाक्य पाहुण्यांसमोर, मुलाच्या देखत बोलू नका.

१०. क्लासमध्ये बोटांच्या ठशांवरून स्वभाव आणि करिअर सांगणारी चाचणी करून देतात. करावी का?

करू नका. बोटांवरच्या रेषा गर्भातच ठरतात. त्यांवरून बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व किंवा चिंता ओळखता येते, याला शास्त्रीय आधार नाही. अहवाल जाडजूड आणि रंगीत असतो, त्यावर जाऊ नका. त्या पैशांत प्रशिक्षित समुपदेशकाशी दोन-तीनदा बोलून होईल.

११. थोडं टेन्शन असल्याशिवाय अभ्यास होत नाही, हे खरं ना?

यासाठी ज्या नियमाचा दाखला देतात तो यर्क्स आणि डॉडसन यांचा, १९०८ चा, आणि प्रयोग उंदरांवरचा. त्यातही काम जितकं अवघड, तितका कमी ताण पुरेसा, असंच निघालं होतं. जेईई किंवा नीटचं गणित सोपं काम नाही.

परीक्षेच्या चिंतेत दोन गोष्टी असतात : घाम, धडधड हा शरीराचा भाग, आणि ‘गेलं सगळं, आता बाबांना काय सांगू’ हा विचारांचा भाग. गुण खाली येतात ते जास्त करून दुसऱ्याने, कारण तो डोक्यातली जागा अडवतो. रमिरेझ आणि बाइलॉक यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या नववीच्या मुलांना परीक्षेच्या तोंडावर दहा मिनिटं आपली धास्ती कागदावर उतरवायला सांगितली. जास्त घाबरणाऱ्या मुलांचे गुण त्याने सुधारले. करून बघायला खर्च काही नाही. तो कागद पालकांनी मागून वाचायचा नाही, एवढी अट.

१२. सगळा दोष मोबाइलचा आहे, नाही का?

सगळा नाही. ऑर्बेन आणि प्शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीनांची माहिती तपासली. स्क्रीनच्या वापराने मुलांच्या स्वास्थ्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक उलगडला. हे सरासरीचं झालं. एखाद्या मुलीला इन्स्टाग्रामवर छळलं जात असेल तर तिला या सरासरीचा उपयोग नाही. मोबाइलने झोप खाल्ली तर मात्र ती आधी परत मिळवा. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते.

१३. आमची दोघांची भांडणं होतात. मुलांसमोर नाही करत, तरी परिणाम होतो का?

मुलांना कळतं. बंद दाराआडचं भांडण ऐकू आलं नाही तरी जेवणाच्या टेबलावर ते दिसतं. संशोधनात दोन गोष्टी ठळकपणे येतात. भांडण माझ्यामुळे झालं असं मुलाला वाटलं, तर चिंता वाढते; आणि बरीच भांडणं फी, क्लास, मार्क यांवरूनच होतात. दुसरं, मिटलेलं भांडण न मिटलेल्याइतकं त्रास देत नाही. भांडण मुलांनी पाहिलं असेल तर समेटही त्यांना दिसू द्या.

आणि मुलाला निरोप्या करू नका. “बाबांना सांग, ताट वाढलंय”, “आईला सांग, मला भूक नाही.” बारा वर्षांचं मूल स्वयंपाकघर आणि हॉल यांमध्ये हेलपाटे घालत दोघांचे चेहरे वाचत असतं. एकत्र कुटुंबात आजी आणि आई यांच्यामध्येही हेच होतं. त्याच घरात एखादी शांत आजी किंवा काका मुलाचा मोठा आधारही असतात. कुटुंब एकत्र की विभक्त, यापेक्षा या फेऱ्या कोणाला माराव्या लागतात ते बघा.

१४. भीतीला सामोरं जाऊ द्या म्हणता, पण भीती खरी असेल तर?

तर आधी धोका थांबवायचा. शाळेत मुलं छळत असतील, रिक्षावाले काका किंवा क्लासचे सर अंगचटीला येत असतील, घरातच कोणी मारत असेल, तर प्रश्न ६ मधलं काहीही लागू नाही. अचानक एकाच ठिकाणी, एकाच माणसाकडे जायला नकार येऊ लागला, तर चिंताविकार म्हणण्याआधी शांतपणे, एकट्यात विचारा आणि जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा. मुलाला वाचन-लेखनाची अक्षमता किंवा स्वमग्नता असेल, तर आधी तिची नीट तपासणी आणि सवलती. वाचताच येत नसलेल्या मुलाला वर्गात मोठ्याने वाचायला लावणं हा सराव नाही, जाच आहे.

१५. मुलगी म्हणते फार त्रास होतो. आम्हाला तर ती हसतीखेळती दिसते. कोणाचं खरं?

दोघांचं. १९८७ मध्ये आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र पाहिले. मुलांचं स्वतःविषयीचं म्हणणं आणि मोठ्यांचं त्यांच्याविषयीचं म्हणणं यांतला सहसंबंध जेमतेम ०.२२ होता (दोन्ही तंतोतंत जुळली तर तो १ येतो). चिंता आत असते, बाहेरून दिसेलच असं नाही. म्हणूनच ‘स्केअर्ड’सारख्या चिंता मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचे मुलांसाठी आणि पालकांसाठी वेगळे अर्ज असतात. ती त्रास होतोय म्हणते, तर त्यावर पुरावा मागू नका.

१६. उपचार कोणते? औषधं लगेच सुरू करतात का?

सर्वांत भक्कम आधार आहे तो सीबीटीला, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचाराला. यातला कणा म्हणजे टप्प्याटप्प्याने भीतीजवळ जाणं. बसची भीती असलेली मुलगी आधी आईबरोबर कोथरूडहून डेक्कनपर्यंत येते, मग आई मागच्या सीटवर बसते आणि तिकीट मुलगी काढते, मग आई डेक्कनच्या थांब्यावर वाट बघते. एक पायरी कंटाळवाणी होईपर्यंत तीच करायची.

२००८ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ७ ते १७ वयाची ४८८ मुलं होती. सीबीटी आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही दिलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुलं बरीच सुधारली, फक्त सीबीटीने ६०, फक्त औषधाने ५५, आणि खोट्या गोळीने २४ टक्के. औषध द्यायचं की नाही ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. समुपदेशक औषध देत नाहीत. खर्चाची अडचण असेल तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग आहे.

१७. मी सोळा वर्षांचा आहे. घरी न सांगता कोणाशी बोलता येईल का?

हो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्री-बेरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. कॉलेजच्या समुपदेशकाशीही बोल. १८ वर्षांखाली नियमित उपचारांसाठी पालकांची संमती लागते, पण घरी कसं सांगायचं हेही समुपदेशकाबरोबर बसून ठरवता येतं. तू सांगितलेलं ते स्वतःपाशी ठेवतात. तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा मात्र त्यांना मोठ्यांना सांगावं लागतं. जीव द्यावा असं मनात येत असेल तर उद्यावर टाकू नको, आत्ता फोन कर आणि घरात जो जवळचा वाटतो त्याला उठव.

१८. शाळेतून संशोधनाची प्रश्नावली आली आहे. सही करावी का?

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती लागते आणि मुलाचा स्वतःचा होकारही. ७ ते १२ वयात तोंडी, १२ ते १८ मध्ये लेखी. तीन गोष्टी विचारा : नीतिसमितीची मान्यता आहे का, नाव लिहायचं आहे का, आणि एखाद्या मुलाची उत्तरं गंभीर निघाली तर पुढे कोण काय करणार. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर मी सही करणार नाही. सगळं ठीक असेल तर जरूर करा. मराठी मुलांविषयीची माहिती अशीच जमते. मुलगा नाही म्हणाला तर विषय संपला.

१९. एम.ए.ला ‘किशोरवयीनांची चिंता, व्यक्तिमत्त्व आणि कौटुंबिक संबंध’ हा विषय घेतलाय. काय सांभाळू?

आधी दोन्ही प्रश्नावल्या शेजारी ठेवून विधानं वाच. न्यूरॉटिसिझमच्या चाचणीत ‘मला सतत काळजी वाटते’ आणि चिंतेच्या चाचणीत पुन्हा तेच असेल, तर त्यांच्यातला सहसंबंध हा शोध नाही. एकच गोष्ट दोनदा मोजली गेली आहे. असे प्रबंध दरवर्षी जमा होतात.

भाषांतर करणार असशील तर उलट भाषांतर (मराठीवरून पुन्हा मूळ भाषेत) करून घे, आणि नववीच्या चार मुलांना वाचायला देऊन प्रत्येक वाक्याचा अर्थ काय वाटला ते विचार. घराविषयीची उत्तरं फक्त मुलांकडून घेऊ नकोस. निदान एका पालकाकडूनही घे (प्रश्न १५), आणि शक्य असेल तर वडिलांकडून, कारण ते या संशोधनात फार कमी सापडतात. एकाच वेळी मोजणी केली असेल तर निष्कर्षात ‘परिणाम’ हा शब्द वापरू नकोस, ‘संबंध’ लिही (कारण प्रश्न ४ मध्ये आहे). सहा महिन्यांनी त्याच मुलांकडे पुन्हा जाता आलं, तर नमुना निम्मा केलास तरी चालेल. आणि काम संपल्यावर शाळेला मराठीत दोन पानं लिहून दे. पुढच्या विद्यार्थ्याला मुख्याध्यापक दार उघडतील.